आगबोट चालली किनाऱ्याच्या उधारीवर : पुरवठादार व कारागिरांचे मागणीपत्र

प्रति,
बंदर प्रशासन, पुराभिलेख, सांस्कृतिक कार्य आणि विधी व न्याय या खात्यांचे मा. सचिव व मा. संचालक

विषय : एकोणिसाव्या शतकात मुंबई बंदरात आगबोटींना माल आणि कारागिरी पुरवणाऱ्यांचे दप्तर, त्यांच्या जागा आणि पुरवठादाराचा थकबाकीवरचा हक्क यांबाबत.

महोदय / महोदया,

मुंबईच्या पूर्व किनाऱ्यावर जहाजांना किराणा, दोरखंड, रंग, तेल आणि सुटे भाग पुरवणाऱ्या, तसेच जहाजांची दुरुस्ती करणाऱ्या लोकांची आमची संघटना आहे. आमच्यातल्या काही घरांत हा धंदा तीन-चार पिढ्या चालू आहे. आता बंदराच्या जमिनींचा पुनर्विकास होऊ घातला आहे आणि त्याच्या आराखड्यांत ‘सागरी वारसा’ हे शब्द वारंवार येतात. त्या वारशात गोद्या आहेत, घड्याळाचे मनोरे आहेत, कंपन्यांची आणि कप्तानांची नावे आहेत. कोळसा, पाणी, तूप, काथ्या, शेंदूर आणि एरंडेल पुरवणारा मात्र कुठेच नाही. त्याला तिथे आणावे आणि आज तोच धंदा करणाऱ्याला त्याची थकबाकी मिळण्याची वाट सोपी करावी, एवढ्यासाठी हे मागणीपत्र.

आधी कारण सांगतो, मग मागणी. नुसत्या मागण्यांचा कागद फायलीला लागतो, हा आमचा अनुभव आहे.

शिडाचे जहाज वारा फुकट वापरत असे. आगबोटीला प्रत्येक मैलाला पैसे मोजावे लागत आणि ते किनाऱ्यावरच्या कोणाला तरी मोजावे लागत. मुंबईच्या गोदीत बांधलेली ‘ह्यू लिंडसे’ ही ४११ टनांची आगबोट २० मार्च १८३० रोजी सुएझकडे निघाली, तेव्हाचीच गोष्ट घ्या. तिच्या कोठारात जेमतेम सहा दिवस पुरेल इतका कोळसा मावत होता आणि एडन तर दीड हजार मैलांहून दूर. म्हणून उतारूंच्या खोल्यांत आणि डेकवरही कोळसा रचला. बोट इतकी खाली बसली की पाणी जवळजवळ काठाला लागले. अकराव्या दिवशी ती एडनला पोचली तेव्हा काही तासांपुरताच कोळसा शिल्लक होता. तिथे तिच्यासाठी ठेवलेला साठा शिडाच्या जहाजांनी आधीच नेऊन टाकलेला होता, म्हणजे वाफेची पहिली सफर वाऱ्याच्या भरवशावरच झाली. पण साठा असून भागले नाही. तो चढवायला किनाऱ्यावर पुरेशी माणसे मिळेनात आणि बोट अडकून पडली. सुएझला ती २२ एप्रिलला लागली. ३३ दिवसांच्या त्या प्रवासातला साधारण तिसरा हिस्सा वाटेत कोळसा घेत थांबण्यात गेला. बोटीचे कप्तान विल्सन यांचे नाव या सफरीसाठी घेतले जाते आणि ते योग्यच आहे. पण त्या बोटीचा वेग खरोखर ठरवला तो कोळसा वाहणाऱ्यांच्या संख्येने.

पुढे १८३९च्या जानेवारीत इंग्रजांनी एडन घेतले, त्यामागे कोळशाच्या ठाण्याची गरज हे मोठे कारण होते. घेतल्यापासून १९३२पर्यंत एडनचा कारभार मुंबई इलाख्यातून चालला. म्हणून पाठोपाठ मुंबईची माणसेही तिथे गेली. कावसजी दिनशा यांची पारशी पेढी एडनला बोटींचा पुरवठा आणि एजंटगिरी करत इतकी मोठी झाली की घराण्याला ‘एडनवाला’ हेच नाव पडले. हे एक नाव टिकले, कारण पेढी टिकली. ज्यांच्या पेढ्या बुडाल्या त्यांची नावे कुठे आहेत? सरकारी दप्तरात आहेत, पण तिथे शोधणार कसे?

इथे आमची पहिली मागणी येते. एल्फिन्स्टन कॉलेजच्या इमारतीतल्या राज्य पुराभिलेखागारात मुंबई सरकारच्या नौका खात्याचे जुने खंड आहेत. त्यांतल्या १८३० ते १९०० या काळातल्या, कोळशाचे ठेके, निविदा, तक्रारी आणि बिले यांच्या कागदांची माणसांच्या व पेढ्यांच्या नावांनिशी सूची करावी. सध्या शोध घ्यायचा तर खाते आणि वर्ष धरून घ्यावा लागतो. जहाजांना माल पुरवणाऱ्या एखाद्या दुबाशाचा पणतू नाव घेऊन आला तर त्याला रिकाम्या हाताने जावे लागते. एडनचा पत्रव्यवहारही याच सूचीत यावा. पी. अँड ओ. या आगबोट कंपनीचे दप्तर ग्रिनिच इथल्या सागरी संग्रहालयाकडे आहे. त्यातल्या मुंबईविषयीच्या कागदांच्या प्रती मिळवण्यासाठी शासनाने रीतसर पत्र लिहावे. खर्चाची बाब मोठी नाही. मोडी आणि जुनी गुजराती वाचू शकणारी माणसे हवीत आणि ती दर वर्षी कमी होत आहेत, हीच खरी अडचण.

सरकारी दप्तराबरोबर खासगी दप्तराचेही बघायला हवे. रोजमेळ, खतावण्या आणि चीफ इंजिनिअरच्या सहीच्या पावत्या घरोघरी माळ्यांवर आहेत. गाळा रिकामा करायची वेळ आली की त्या किलोच्या भावाने रद्दीत जातात. आमच्या सभासदांकडूनही असे झाले आहे, तेव्हा दोष फक्त सरकारला देत नाही. या वह्या मूळ मालकाकडेच ठेवून त्यांच्या प्रती घेणारे फिरते पथक द्यावे. मालकी जाणार नाही अशी लेखी हमी असल्याशिवाय आमचे लोक वही दाखवणार नाहीत, हे आत्ताच सांगून ठेवतो.

आता संग्रहालयाविषयी. तिथे काय दाखवायला हवे हे कळावे म्हणून आधी बंदरातले काम सांगतो. १ जानेवारी १८८० रोजी प्रिन्सेस डॉक सुरू झाला. १८७५चा ससून डॉक सोडला तर त्यापूर्वी बहुतेक मोठ्या बोटी बंदरात नांगर टाकून उभ्या राहत आणि सगळे काही पडावांतून जाई. १८७०मध्ये कलकत्त्यापर्यंतची आगगाडी जोडली गेली, तोवर सुएझचा कालवाही खुला झाला होता. हिंदुस्थानभरचे विलायती टपाल मुंबईवरून जाऊ लागले. टपालाच्या बोटीला वेळ चुकवता येत नसे, उशीर झाला तर कराराप्रमाणे दंड होता. त्यामुळे बोट लागली की पुरवठादाराची रात्र कशी जात असेल, याची कल्पना धंद्यातल्या माणसाला लगेच येते.

एका बाजूला कोळशाचा पडाव. टोपल्या माणसांच्या साखळीतून वर चढतात, खाली बंकरात कोळसेवाले फावड्याने ढीग कोपऱ्यापर्यंत सारतात. कोपरे रिकामे राहिले तर बोट कलते आणि भरलेल्या टनांचा हिशेबही चुकतो. उतारूंच्या खोल्यांची दारे-खिडक्या बंद, तरी पूड आत जातेच. दुसऱ्या बाजूला पाण्याची बोट. तिसरीकडून किराणा. वरच्या वर्गासाठी कोंबड्या आणि मेंढ्या जिवंतच चढत, कारण बर्फघर नसलेल्या बोटीवर ताजे मांस मिळायचा दुसरा उपाय नव्हता. खलाशांसाठी तांदूळ, डाळ, तूप, मीठ, चिंच, मसाला आणि सुकी मासळी. हा शिधा त्यांच्या करारनाम्यात वजनानिशी ठरलेला असे आणि तो नीट मिळतो की नाही यावर भंडाऱ्याची, म्हणजे खलाशांच्या स्वयंपाक्याची, अब्रू अवलंबून असे. मग इंजिनाचे सामान. सांध्यांना लावायला शेंदूर आणि अळशीचे तेल, वंगणाला चरबी आणि एरंडेल, पुसायला चिंध्या, गळतीला काथ्या आणि डांबर. लोखंडी सामान नागदेवीकडच्या बोहरी दुकानांतून येई, काथ्या कोकण-मलबारातून, उत्तम वाफेचा कोळसा वेल्समधून.

यापेक्षा बिकट काम बॉयलरचे. सुरुवातीच्या आगबोटी बॉयलरमध्ये समुद्राचेच पाणी घालत. पाणी उकळून गेले की आत मिठाचा आणि चुन्याचा थर धरे. थर जाड झाला की उष्णता पाण्यात पोचत नाही, कोळसा जास्त जळतो आणि शेवटी पत्रा लाल होऊन फुगतो. म्हणून बंदरात आल्यावर आग विझवायची, बॉयलर निवेपर्यंत थांबायचे, तेही पुरते नाही, कारण निघायची घाई. मग अंगाने बारीक माणसे माणूसभोकातून आत शिरत आणि हातोडी-छिन्नीने थर टिपून काढत. आत दिव्याचा उजेड, बाहेर येणारी खपली बादलीने काढायची. मुंबईतल्या बॉयलर दुरुस्तीच्या धंद्याची खरी शाळा हीच. गोड्या पाण्याचा फेरवापर करणारे कंडेन्सर शतकाच्या उत्तरार्धात सर्रास झाले, तेव्हा हे काम कमी झाले, संपले नाही. ते काम आजही आमचे सभासद करतात, नाव तेवढे बदलले आहे.

आमची दुसरी मागणी अशी की बंदर परिसरात जे कोणते सागरी संग्रहालय किंवा दालन उभे राहील, त्यात जागेचा ठरावीक हिस्सा पुरवठा आणि दुरुस्ती यांसाठी राखून ठेवावा. काचेत बोटीची प्रतिकृती ठेवणे सोपे आहे. आम्हाला बॉयलरचा एक खरा तुकडा हवा, ज्यात लोकांना डोके घालून बघता येईल. कोळशाची टोपली हवी, उचलून बघायला. शिध्याची वजने हवीत. आमच्याकडे ओतकामाचे लाकडी फर्मे, पितळी मापे आणि रिवेटची हत्यारे आहेत, ती आम्ही देऊ.

माझगावात घरीच भट्टी आणि यंत्रे बसवणारे अर्देशिर कर्सेटजी वाडिया हे आगबोटींच्या यंत्रांचे मोठे जाणकार. ते १८४१मध्ये लंडनच्या रॉयल सोसायटीचे फेलो झाले, असा मान मिळवणारे ते पहिले भारतीय. मुंबईच्या वाफ-कारखान्याचे ते मुख्य अभियंता होते आणि १९६९मध्ये त्यांच्या नावाने टपाल तिकीटही निघाले. त्यांच्याविषयी आम्हाला अभिमान आहे. त्यांच्या हाताखाली ज्यांनी लोखंड ओतले त्यांची एक यादी तरी कोणी करावी, एवढेच मागतो. पगारपत्रकांत ती नावे असतील.

आमच्या पूर्वजांचे गोडवे गायला हे दालन नको आहे. दुबाश दस्तुरी, म्हणजे दलाली, घेत. मापात कमी कोळसा देऊन पुऱ्या टनांवर सही घेण्याचे प्रकार जगातल्या सगळ्या बंदरांत होते आणि मुंबई काही त्याला अपवाद नसावी. नोकरी मिळवून देणारा घाट-सारंग खलाशाला आधी उधार खाऊ घाली, राहायला जागा देई आणि पगार झाला की वसूल करी. गोव्याहून आलेल्या स्वयंपाक्यांनी आणि बटलरांनी मुंबईत गावागावांचे कूड, म्हणजे एकत्र राहायच्या जागा, काढले, त्यामागे डोक्यावर छप्पर मिळवण्याबरोबर सावकारी टाळण्याचाही हेतू असणार. रत्नागिरीकडचे आगवाले, गोव्याचे बटलर, कच्छ-काठियावाडचे सारंग ही सगळी माणसे किनाऱ्यावर कोणाच्या ना कोणाच्या उधारीत होती. हे झाकून ठेवलेले दालन आम्हाला मान्य होणार नाही.

उधारीचा विषय निघालाच आहे, तर आता कायद्याकडे येतो. काही सभासदांच्या मते हा भाग वेगळ्या अर्जात हवा होता. कार्यकारिणीला तसे वाटले नाही, कारण थकबाकीचा आजचा प्रश्न एकोणिसाव्या शतकातच जन्मला.

बोट परक्या बंदरात येते, मालक सातासमुद्रापार, कप्तान सही करतो आणि माल घेऊन निघून जातो. पैसे बुडाले तर पुरवठादाराने कोणाला धरायचे? इंग्लंडच्या १८४०च्या कायद्याने परदेशी जहाजाला दिलेल्या गरजेच्या मालासाठी थेट जहाजावर दावा लावायची वाट मोकळी केली आणि १८६१च्या कायद्याने ती रुंद केली. पण १८७२मध्ये ‘टू एलन्स’ या जहाजाच्या खटल्यात प्रिव्ही कौन्सिलने, आणि १८८६मध्ये ‘हाइनरिक ब्यॉर्न’च्या खटल्यात हाउस ऑफ लॉर्ड्सने ठरवले की पुरवठादाराला सागरी धारणाधिकार नाही. खलाशाचा पगार किंवा बुडत्या जहाजाला वाचवल्याचा मोबदला जहाजाला चिकटून राहतो, मालक बदलला तरी. किराण्याचे आणि कोळशाचे बिल तसे चिकटत नाही. दावा दाखल होण्याआधी जहाज विकले गेले की पुरवठादाराच्या हातात कागद उरतो आणि लिलाव झालाच तर गहाणदार त्याच्या पुढे उभा असतो.

हाच कायदा १८९०च्या वसाहती नौन्यायालय कायद्याच्या वाटेने मुंबईच्या उच्च न्यायालयात आला आणि शंभर वर्षे राहिला. १९९२मध्ये ‘एम. व्ही. एलिझाबेथ’च्या निकालात सर्वोच्च न्यायालयाने त्या जुन्या चौकटीतून आपल्या न्यायालयांना मोकळे केले. संसदेने २०१७मध्ये स्वतःचा कायदा केला. त्यात खाद्यसामग्री, इंधन, साहित्य आणि सेवा यांच्या बिलांसाठी जहाजावर दावा लावता येतो, हे स्पष्ट लिहिले आहे. धारणाधिकारांच्या यादीत मात्र आम्ही नाही आणि पैसे वाटपाच्या क्रमात नोंदलेल्या गहाणाच्या मागे आहोत. १८७२मध्ये ज्या जागी उभे होतो, तिथेच.

तिसरी मागणी : बंदरात शेवटच्या फेरीत दिलेला शिधा, पाणी आणि तातडीची दुरुस्ती यांच्या ठरावीक रकमेपर्यंतच्या बिलांना गहाणापेक्षा वरचा क्रम देता येईल का, याचा अभ्यास विधी खात्याने करून केंद्राकडे शिफारस पाठवावी. अमेरिकेने १९१०मध्येच पुरवठादाराला धारणाधिकार दिला आहे, तेव्हा ही मागणी जगावेगळी नाही. बँका म्हणतील की जहाजांना कर्ज महाग होईल. म्हणूनच रकमेची मर्यादा आम्ही स्वतः सुचवतो आहोत. इंधनाची मोठी बिले या मर्यादेबाहेर राहिली तरी आमची हरकत नाही. ज्याचे बिल बुडाले तर दुकान बंद पडते, त्याच्यापुरता हा प्रश्न आहे.

याच्याच पोटात चौथी : उच्च न्यायालय १८६२मध्ये सुरू झाले, त्याआधी सर्वोच्च न्यायालय नावाचे न्यायालय १८२४पासून मुंबईत होते आणि त्यालाही नौन्यायाचे अधिकार होते. या दोहोंच्या जुन्या नौदाव्यांची सूची व्हावी. थकबाकीच्या दाव्याला बिले जोडावीच लागतात. कोणी कोणत्या बोटीला किती मण बटाटे दिले हे इतक्या खात्रीने दुसरीकडे कुठे सापडणार नाही.

पाचवी मागणी जागांची. माझगाव, दारूखाना, लकडी बंदर, कोळसा बंदर यांतली बरीच नावेच सांगतात की तिथे काय चालत होते. तिथले सगळे गाळे जतन करा असे आम्ही म्हणत नाही. बरेचसे पत्र्याचे आहेत, काही धोकादायक आहेत आणि वारसा म्हणून त्यांना हात न लावणे हा आतल्या कामगारांवर अन्याय ठरेल. पण पाडकामापूर्वी प्रत्येक गाळ्याची मोजणी, छायाचित्रे आणि चालकाची तोंडी हकीकत नोंदवून घ्यावी. चालू कारखान्यांना नव्या आराखड्यात पाण्याजवळच जागा मिळावी. जहाजाचा पंप घेऊन भिवंडीला जाता येत नाही.

कोकणाविषयी थोडक्यात. शेफर्ड कंपनीच्या आगबोटी ज्या बंदरांना लागत, त्या हर्णै, जैतापूर, विजयदुर्ग, देवगड, मालवण, वेंगुर्ला इथल्या पडाववाल्यांनी आणि माल देणाऱ्यांनी मुंबईइतकीच ही वाहतूक उचलून धरली. बोट खोल पाण्यात थांबे आणि उतारू कमरेइतक्या पाण्यातून पडावापर्यंत जात, हे अजून सांगणारी माणसे आहेत. त्यांच्या हकिकती या पावसाळ्याआधी नोंदवाव्यात, ही सहावी मागणी.

संघटनेकडून आम्ही सभासदांकडच्या वह्यांची आणि हत्यारांची यादी, तसेच मोडी वाचणाऱ्या चार स्वयंसेवकांची वेळ देऊ. पहिल्या दोन मागण्यांवर तीन महिन्यांत एकत्र बैठक बोलवावी. बैठक बंदर भागातच, कामाच्या दिवशी संध्याकाळी सहानंतर ठेवावी, कारण आमचे लोक दिवसा बोटीवर असतात. तोवर चालू पाडकामाच्या टप्प्यातले गाळे नोंद होण्यापूर्वी तोडू नयेत, असा तात्पुरता आदेश काढावा. दोन गाळ्यांची छपरे गळत आहेत आणि आतल्या वह्या आम्ही सध्या ताडपत्रीखाली ठेवल्या आहेत.

आपले,
संघटनेच्या कार्यकारिणीच्या वतीने